डाएट कार्डावरची दीड भाकरी

तात्या चपला काढून वजनकाट्यावर उभे राहिले, तेव्हा काटा सत्तेचाळीसच्या थोडा पुढे गेला. त्यांच्या धोतराच्या कमरेशी काहीतरी वर आलेलं दिसत होतं. मी विचारलं, "हे काय आहे?"

"आडकित्ता हाय."

"तो काढून ठेवा."

"सुपारी लागती मदीमदी."

"लगेच परत देते. वजन होईपर्यंत काढा."

त्यांनी अडकित्ता काढला. मग मी आकडा न लिहिता थांबले, म्हणून बंडीच्या खिशातून चुन्याची पितळी डबीही काढली. काटा साडेशेहेचाळीसवर आला. मी आकडा लिहिला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मी आधीच्या आकड्याकडे बघून मग नवा लिहिला, हे त्यांनी पाहिलं.

"उतरलो का, बाय?"

"थोडे."

"मंग आता नगरला धाडनार मला?"

मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. ते खरंही होतं आणि नव्हतंही.

आमचा वृद्धाश्रम मिरजगावच्या अलीकडे, नगर-सोलापूर रस्त्याला लागून आहे. कायम राहणारे चाळीसेक जण होते. रिटायर झालेले मास्तर, रेल्वेचे लोक, काही विधवा बायका. त्यांची मुलं पुण्या-मुंबईला. त्या दुष्काळाच्या वर्षी ट्रस्टने त्यात बारा खाटा वाढवल्या आणि त्यांना नाव दिलं 'हंगामी'. जामखेड-कर्जतकडच्या कोरडवाहू गावांतली माणसं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. एरवी म्हातारी माणसं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भरवशावर गावात राहतात. त्या वर्षी शेजारीच उरले नव्हते. म्हणून तोडीला जाताना आईबापांना आमच्याकडे ठेवायचं आणि येताना न्यायचं, अशी सोय होती. तात्या त्या बारा जणांतले. खर्ड्याजवळच्या एका वाडीचे. मुलगा भानुदास आणि सून सुभद्रा श्रीरामपूरकडे एका कारखान्यावर गेली होती.

मी तिथे डाएटिशियन होते, अजूनही आहे. म्हणजे कुणी काय आणि किती खायचं हे ठरवणारी बाई. होम सायन्सची पदवी घेऊन मला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं.

आश्रमाचा नियम असा होता की दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांचं वजन करायचं. सलग तीन वेळा वजन उतरलं, तर तो आजारी समजायचा आणि नगरच्या हॉस्पिटलमध्ये पाठवायचा. त्याची खाट दुसऱ्याला द्यायची, कारण हंगामी खाटांसाठी यादी मोठी होती. तात्यांचं वजन आले तेव्हा एकावन्न होतं. डिसेंबरात एकोणपन्नास. जानेवारीत साडेशेहेचाळीस. दोनदा उतरलं होतं. एक फेब्रुवारीला तिसऱ्यांदा उतरलं की ते जाणार.

काट्यावरून उतरल्यावर चपला घालता घालता तात्या म्हणाले, "नगर म्या बगितल्यालं न्हाई. भानुदास बी निस्ता तितनं जातुया. त्याला हीच जागा म्हाईत हाय. हितं आला अन् म्या नसलो तर तो कुटं हुडकंल?"

मी त्यांचा अडकित्ता परत दिला.

वजन का उतरतं याची कारणं मी एकेक करून तपासली. आठवड्यातून एकदा डॉक्टर यायचे. त्यांनी छाती तपासली, थुंकी तपासायला पाठवली, जंताचं औषध दिलं. काही निघालं नाही. दात म्हणावे तर तात्या अख्खी सुपारी फोडून खायचे. मग मला मिलोचा संशय आला. रेशनवर तेव्हा ज्वारीऐवजी लाल मिलो यायचा. त्याची भाकरी थापताना फाटायची आणि गिळताना घशाला लागायची. मी स्वयंपाकीण इंदूबाईंना सांगून आठवडाभर तात्यांपुरती ज्वारीची भाकरी करायला लावली. ताट नेहमीसारखंच स्वच्छ परत आलं. आठवड्याने मी मुद्दाम केलेल्या वजनात फरक काहीच नाही.

खरं म्हणजे तात्यांचं ताट हाच माझा सगळ्यात मोठा पुरावा होता. सगळ्या आश्रमात सगळ्यात स्वच्छ ताट त्यांचं. बोटाने पुसून घेतलेलं. ज्याला भूक नाही तो असं ताट ठेवत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण मी ते उलट वाचत होते. ताटात काही उरलं नाही म्हणजे जेवण पुरेसं झालं, असं मला शिकवलेलं होतं.

इथे माझ्या डाएट कार्डांबद्दल सांगायला हवं. मी नोकरीला लागले तेव्हा रोज दोन बादल्या उष्टं निघायचं. दुष्काळात ते बघवत नसे. आम्ही त्याला 'प्लेट वेस्टेज' म्हणतो. मी एक पद्धत बसवली. नवीन माणूस आला की पहिला आठवडा त्याला प्रत्येक पदार्थ हवा का, किती हवा, असं विचारायचं आणि तो सांगेल ते लिहून ठेवायचं. आठवड्याने त्याचं प्रमाण पक्कं करून कार्डावर लिहायचं. ते कार्ड हॉलमध्ये त्याच्या जागेच्या वर, भिंतीवर खिळ्याला लावायचं. नंतर विचारायचं नाही. वाढणाऱ्याने कार्ड बघायचं आणि तेवढंच वाढायचं. बोलणं नाही, आरडाओरडा नाही, वीस मिनिटांत पंगत उठायची. दोन बादल्यांची अर्धी बादली झाली. ट्रस्टचे सेक्रेटरी पाहणीला आले तेव्हा कार्डांसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, हे सगळीकडे सुरू करायला पाहिजे. मी त्या दिवशी रात्रीचं जेवण खोलीत नेलं आणि आईला मोठं पत्र लिहिलं.

तात्यांच्या कार्डावर दीड भाकरी होती. दोन्ही वेळेला दीड.

जानेवारीच्या मध्यावर, संक्रांत होऊन गेल्यावर, सुभद्रा आली. कारखान्याला ऊस कमी पडला होता, तीन दिवस गाळप बंद होतं, म्हणून टोळीला सुट्टी मिळाली होती. ती एका मालट्रकमधून आली होती. तिशीच्या आतली असेल. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. पदर डोक्यावरून इतका पुढे होता की चेहरा नीट दिसत नव्हता. सासरे व्हरांड्यात बसले होते. ती त्यांच्या पाया पडली आणि बाजूला, खांबाआड उभी राहिली. दोघांत एवढंच बोलणं झालं:

"बरा हाय का भानुदास?"

"व्हय."

"कोयता लागला हुता म्हनं त्याच्या पायाला."

"भरली जखम."

मला वाटलं, एवढ्या लांबून आली आणि एवढंच बोलली.

अकराची घंटा झाली. सुभद्रा स्वयंपाकघरात गेली आणि इंदूबाईंना म्हणाली, मी वाढते. इंदूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नियमात बसत नव्हतं, पण मी मान हलवली. मी दाराशी रजिस्टर घेऊन उभी होते.

तात्यांच्या शेजारी पाठकसाहेब बसत. रेल्वेत गार्ड होते. ते आल्या दिवसापासून स्पष्ट सांगायचे, "मला दोन पोळ्या, भात, आणि वरण जरा जास्त." त्यांचं वजन दीड किलोने वाढलं होतं.

सुभद्राने तात्यांच्या ताटात भाकरी ठेवली. ती संपायच्या आत दुसरी आणली. तात्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"नगं. बास झालं."

"बास कुटं? आत्ताशी तर बसलाव."

"न्हाई म्हन्लं ना."

"हात काडा मामंजी, चटका बसंल."

तव्यावरची भाकरी तिने त्यांच्या पसरलेल्या बोटांवरच सोडली. हात निघाला. तिसरीच्या वेळी त्यांनी ताट उचलून पाठीमागे नेलं. ती तशीच उभी राहिली, त्यांच्याकडे न बघता, भाकरी हातात धरून. ताट परत पुढे आलं. चौथीच्या वेळी ती म्हणाली, "ही न्हाई घेतली तर म्या जेवनार न्हाई." त्यांनी ती घेतली आणि पाठकसाहेबांना सांगितलं, "आयकतच न्हाई वो ही कुनाचं. घरी बी आसंच करती." त्यांचा आवाज मी इतक्या महिन्यांत तेवढा मोठा ऐकला नव्हता.

मी भिंतीवरच्या कार्डाकडे पाहिलं. १½. माझंच अक्षर होतं. शाळेत मला सुवाच्य अक्षराचं बक्षीस मिळालेलं आहे.

जेवणं झाल्यावर सुभद्रा मागच्या हौदावर हात धूत होती. मी तिथे गेले.

"ते घरी एवढंच जेवतात?"

"चार. राबायच्या दिसांत पाच."

"पण आम्ही विचारलं होतं. ते स्वतःच नको म्हणाले. रोज म्हणाले."

ती वळली. "म्हनत्यात की. कोन व्हय म्हनतंय? तुमच्यात लगीच व्हय म्हन्त्यात?"

आमच्यात म्हणतात. माझे वडील लष्करात डॉक्टर. मी पुण्याला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये वाढले. तिथे 'नो, थँक यू' म्हटलं की भांडं पुढच्या मुलीकडे जायचं. घरी सुट्टीला आले तरी ऑर्डर्ली टेबलावर डोंगे ठेवून जायचा. ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने घ्यावं. मला आयुष्यात कुणी दुसऱ्यांदा विचारलेलं नव्हतं आणि त्यात काही कमी आहे असं मला वाटलंही नव्हतं.

"हितं त्यास्नी वाढतं कोन?" सुभद्राने विचारलं.

"इंदूबाई," मी म्हटलं. वाढत होतं ते कार्ड.

ती संध्याकाळच्या ट्रकने गेली. मी ऑफिसमध्ये बसून बावन्न जणांची वजनं आणि बावन्न कार्डं शेजारी शेजारी मांडली. शहरात नोकऱ्या केलेल्यांची वजनं ठीक होती. हंगामी बारा जणांपैकी नऊ उतरले होते. तात्या सगळ्यांत जास्त, कारण त्यांचा नकार सगळ्यांत नम्र होता. पहिल्याच दिवशी कुणी आग्रह न केल्यामुळे त्यांनी दीड भाकरीवर हात ठेवला, आणि आम्ही तो हात महिनोन्महिने तिथेच धरून ठेवला. मी नंतर त्यांना विचारलं होतं, तुम्ही मागितलं का नाही? ते म्हणाले, "मागून खायाला म्या काय भिक्षेकरी हाय?"

आमचे सुपरिंटेंडेंट मोहिते हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते मला 'मिस' म्हणत. मी त्यांच्यापुढे वजनांचा कागद ठेवला आणि चूक माझ्या पद्धतीची आहे, असं सांगितलं. ते वाक्य मी खोलीत तीनदा म्हणून पाहिलं होतं.

"म्हणजे माणूस नको म्हणाला तरी वाढायचं?"

"हो, सर."

"फौजेत नको म्हणजे नको."

"माझ्या शाळेतही."

"मग ज्याला खरंच नको असेल त्याचं काय? वेस्टेज वाढणार. सेक्रेटरीसाहेबांनी रिपोर्टमध्ये तुमच्या कार्डांचं नाव घेतलंय, मिस."

"वाढेल थोडं."

त्यांनी ड्रॉवरमधून एक पत्र काढलं. तात्यांना नगरच्या हॉस्पिटलमध्ये दाखल करून घ्यावं म्हणून त्यांनी ते आधीच टाईप करून घेतलं होतं. फक्त तारीख घालायची बाकी होती. ते पत्र त्यांनी परत आत ठेवलं.

"एक तारखेला काटा काय म्हणतो ते बघू. पावशेर जरी उतरला तरी मी गाडी बोलावणार." मग ड्रॉवर बंद करताना म्हणाले, "आमची आई तर शिव्या देऊन वाढायची."

पंधरा दिवस होते. इंदूबाईंना आग्रह करायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ताई, बावन्न मानसं, आमी दोगी. आग्रेव करत बसलो तर दुपारची पंगत दिवे लागायला उटंल." त्यांचं बरोबर होतं. तेव्हा हंगामी लोकांची ओळ मी स्वतः वाढायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी तात्यांपुढे जाऊन मी म्हटलं, "आणखी एक भाकरी हवी का?"

"नगं, बाय."

"ठीक आहे," मी म्हणाले आणि पुढे गेले. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं. पाठकसाहेब हसत होते.

जेवणं झाल्यावर इंदूबाईंनी माझी शिकवणी घेतली. "ताई, 'हवी का' कशाला इचारता? आदी वाडायचं, मंग बोलायचं. अन् 'ठीक हाय' तर म्हनूच नगा. हालायचंच न्हाई तितनं."

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन न हलता उभी राहिले. तात्यांनी ताटावर हात धरला. त्यांच्या बोटांवर गरम भाकरी टाकणं मला जमणं शक्य नव्हतं. सगळी ओळ जेवायची थांबून आमच्याकडे बघायला लागली. तात्यांनी वर पाहिलं आणि मला वाटतं, माझी दया येऊन त्यांनी हात काढला. दोन झाल्या. तिसरीसाठी मी परत आले तेव्हा मात्र त्यांनी ताट उचललं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुभद्राबाई सांगून गेल्यात."

ताट हवेतच थांबलं. "काय सांगून गेली?"

"तीन तरी वाढा म्हणून."

त्यांनी ताट खाली ठेवलं. तिसरी भाकरी ते सावकाश खात होते. "अजून काय म्हन्ली?"

ती जाताना मला फक्त 'येते बाई' म्हणाली होती. मी म्हटलं, "मामंजींना रात्री पांघरूण पुरतं का, ते बघा म्हणाल्या."

"तिला सवय हाय. उटून बगती," ते शेजारी सांगायला लागले.

त्यानंतर हे रोजचं झालं. एका भाकरीला एक वाक्य. मी मुळात कमी बोलते. हॉस्टेलवर मुली मला त्यावरून चिडवायच्या. आता मी सकाळी आंघोळ करताना दुपारची वाक्यं जुळवायला लागले. सुपारी कमी खा म्हणाल्या. तिकडे थंडी फार आहे, इथली कशी आहे विचारत होत्या. भानुदासभाऊंच्या पायाची काळजी करू नका म्हणाल्या. तात्या प्रत्येक वेळी आधी नको म्हणायचे, हात आडवा धरायचे, मग विचारायचे, "काय म्हन्ली?" त्यांना ही वाक्यं शिळी वाटत नव्हती. सुभद्रा जेमतेम एक दुपार येऊन गेली होती आणि इतकं सगळं माझ्यापाशी बोलली कधी, हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही. आता मला वाटतं, त्यांना तो पडला होता.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात व्हरांड्यात चर्चा सुरू झाली. वाड्यांमधल्या विहिरी तळाला गेल्या, गावंच्या गावं खडी फोडायच्या कामावर चालली. तात्या ते ऐकून जेवायला आले. मी चौथी भाकरी घेऊन उभी होते. त्यांनी ताटावर हात धरलाच नाही, नुसतं विचारलं, "ह्या साली न्यायाला येत्यात का मला? तिनं काय सांगितलं?"

दोन दिवसांवर एक तारीख होती. मी म्हटलं, "येणार म्हणाल्या. तुम्हाला इथे ठेवणार नाही म्हणाल्या."

त्यांनी भाकरी घेतली.

एक तारखेला अडकित्ता आणि डबी त्यांनी आपणहून टेबलावर ठेवली. अठ्ठेचाळीस. मोहिते स्वतः येऊन उभे होते. ते काट्याजवळ वाकले, मग सरळ झाले आणि ड्रॉवरमधलं पत्र त्यांनी माझ्यासमोर फाडलं. मला वाटलं, काम झालं.

होळीच्या आधीच कारखाना बंद पडला. ऊसच संपला होता. एका सकाळी भानुदास आणि सुभद्रा दोघंही आली, डोक्यावर बिऱ्हाड घेऊन. तात्यांनी त्यांना फाटकातून येताना पाहिलं आणि आत जाऊन आपलं बोचकं बांधायला घेतलं. घोंगडी, तांब्या, जादा धोतर. बोचकं घेऊन ते व्हरांड्यात आले आणि बाकावर बसले. मी रजिस्टर आणलं होतं. सही, अंगठा, तारीख.

भानुदास पायरीवर उकिडवा बसला होता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तात्या, पाऊस पडंस्तवर हितंच ऱ्हावा. घराला कुलूप घातलंय. आमी दोगं पाझर तलावाच्या कामावं चाललोय. तितं पालात ऱ्हायचं. उनाचं तुमाला झेपायचं न्हाई."

तात्या खांबाआड उभ्या असलेल्या सुनेकडे वळले.

"तू तर ह्या बाईपशी म्हन्ली हुतीस. हितं ठिवनार न्हाई म्हनून."

सुभद्राने पदर थोडा मागे घेतला आणि प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिलं. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी हातातलं रजिस्टर बंद केलं.

"म्हन्ले हुते, मामंजी," ती म्हणाली. "चुकलं माजं."

तात्यांनी मान हलवली. बोचकं बाजूला ठेवत म्हणाले, "जावा. हजेरी बुडंल तुमची."

त्या दुपारी तिनेच त्यांना वाढलं. पहिली भाकरी, दुसरी. तिसरी घेऊन ती आली तेव्हा तात्यांनी हात आडवा धरला नाही. नको म्हणाले नाहीत. ताटात पडलं ते खाल्लं. चौथीच्या वेळी ती भाकरी हातात धरून बराच वेळ उभी राहिली, ते काहीतरी म्हणतील म्हणून. ते म्हणाले नाहीत. तिने ती ताटात ठेवली आणि आत निघून गेली.

जाताना मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. भानुदास पुढे रस्त्यावर ट्रकला हात करत होता.

"मी तसं सांगायला नको होतं," मी म्हटलं.

"वाढताना म्हन्ला आसाल."

"हो."

"म्या बी लई कायबाय सांगते वाढताना." तिने डोक्यावरचं गाठोडं सारखं केलं. "म्या खोटी पडले तर पडले. रागावतील, इसरतील. तुमी खोट्या पडला तर उद्या कुनाच्या हातनं खातील?"

मी तिला थांब म्हणाले आणि स्वयंपाकघरातून भाकऱ्या बांधून आणल्या. ती नको म्हणाली. मी हलले नाही.

कार्डं काढून टाकली. आता दोघादोघांच्या जोड्या केल्या आहेत, एकाने दुसऱ्याला वाढायचं. पंगत चाळीस मिनिटं चालते, गोंगाट असतो, पाठकसाहेब तक्रार करतात की समोरचा म्हातारा ऐकत नाही. उष्टं एक बादली निघतं. सेक्रेटरींच्या पुढच्या रिपोर्टमध्ये माझा उल्लेख नव्हता. नऊपैकी आठ जणांची वजनं भरून आली. रजिस्टरमध्ये मी एक रकाना वाढवला, 'वाढणार कोण'. तात्यांच्या नावापुढे त्यात मी माझं नाव लिहिलं होतं. ते पन्नासपर्यंत गेले. परत हात आडवा धरायला लागायला त्यांना तीन आठवडे लागले. "काय म्हन्ली?" असं मात्र त्यांनी नंतर कधी विचारलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही.

पाऊस झाला. भाद्रपदात भानुदास आणि सुभद्रा येऊन त्यांना घेऊन गेली. मी तेव्हा चार दिवसांच्या रजेवर आईकडे होते. परत आले तर त्यांच्या खाटेवर मिरजगावच्या एक आजी होत्या. रजिस्टरमध्ये अंगठा नीट उमटला होता.

"जाताना काही म्हणाले का?" मी इंदूबाईंना विचारलं.

"न्हाई वो ताई. गडबड हुती. यष्टी आली हुती."

इंदूबाई मनाने निरोप बनवून सांगत नाहीत. नोकरीत तेच बरोबर आहे. स्वयंपाकघरात नवीन मुली येतात, त्यांनाही मी तसंच शिकवते.